आधी खोकावं लागतं

जून महिन्यात वरून पत्र आलं. साथीच्या काळात पोरं घरी बसून फोनवर शिकली, त्यामुळे ती कोमेजली असण्याचा संभव आहे, तरी त्यांना खुलवण्यासाठी दर शनिवारी दप्तराविना शाळा भरवून गायन, नाट्य व नृत्य शिकवावं, असा त्या पत्राचा मतलब होता. सरकारला पोरांच्या आनंदाची आठवण झाली की पत्र येतं, आणि पत्राच्या मागं अहवालाचा नमुना टाचलेला असतो.

निमगाव केतकीच्या अलीकडं एका वस्तीवर चौथीपर्यंतची शाळा आहे. दोन खोल्या, एक व्हरांडा, एक कडुलिंब, एक फाटक आणि दोन शिक्षक. त्यातले सोपान गुरुजी मुख्याध्यापक. त्यांनी आधी नमुना वाचला आणि मग पत्र वाचलं. निवृत्तीला दोन वर्षं उरलेला माणूस याच क्रमानं वाचतो. वाचून झाल्यावर गायन, नाट्य आणि नृत्य ही तिन्ही खाती त्यांनी राजेश्वरी मॅडमकडे दिली आणि अहवाल स्वतःकडे ठेवला.

राजेश्वरी मॅडम बारामतीहून रोज स्कूटीवर येत. तिसरी-चौथीचा वर्ग त्यांच्याकडे होता, आणि साथीच्या दिवसांत ही सगळी पोरं त्यांनीच फोनवरून शिकवली होती. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. उंट बारामतीत तिसऱ्या मजल्यावर बसला होता आणि शेळ्या इकडं डाळिंबाच्या बागांत पांगल्या होत्या. तरी मॅडमनी कसूर केली नव्हती. पोरांचं मन रमावं म्हणून त्यांनी स्वतः बाजारावर एक लांबलचक कविता रचली, चालीवर म्हणून ती ग्रुपवर टाकली, एकेका पोराला एकेक कडवं वाटून दिलं, आणि प्रत्येकाकडून व्हिडिओ मागवले. ते व्हिडिओ इतके छान आले की मॅडमना आपल्या शिकवण्याबद्दल थोडा अभिमानसुद्धा वाटला होता.

त्यामुळे पहिल्या शनिवारी त्यांनी तीच कविता काढली. येतंय तेच आधी घ्यावं, म्हणजे पोरांना धीर येतो. त्यांनी ऋतिकला उभं केलं. ऋतिक म्हणजे वर्गातला सगळ्यात धीट गडी. तो पुढं आला, छातीच्या उंचीवर हवेत कुठंतरी नजर लावली, आणि म्हणाला, नमस्कार, माझे नाव ऋतिक, इयत्ता पहिली. तो तिसरीत होता. मग तो थांबला. मॅडमही थांबल्या. बाहेर शाळेची खिचडी शिजवणाऱ्या ठमाबाई पातेलं घासत होत्या तेवढाच काय तो आवाज.

बऱ्याच वेळानं मॅडमनी त्याला आठवण करून द्यावी म्हणून सुरुवात केली, "वांगं म्हणालं भेंडीला, चल गं आपण..."

"जाऊ," ऋतिक म्हणाला.

"निमगावच्या बाजारात नवे कपडे..."

"घेऊ," असं ठणकावून सांगून ऋतिकनं हात लांब केला, हवेत एक बोट दाबलं आणि तो जागेवर जाऊन बसला.

मॅडमनी युवराजला उठवलं. टोमॅटोच्या पाटीवर बसून आलेली मिरची त्याच्या वाट्याला होती. त्याला 'मिरची' येत होतं आणि 'खुर्ची' येत होतं. बाकीचं येत नव्हतं. एकेक करून सगळा वर्ग झाला. प्रत्येकाला ओळीचा शेवटचा शब्द पाठ होता, आणि तो प्रत्येकजण खणखणीत म्हणत होता. ओळींचा बाकीचा भाग दोन वर्षं आयांनी म्हटला होता. फोनच्या मागं बसून, हळू आवाजात, पोराच्या तोंडाकडं बघत. व्हिडिओत तो आवाज दबून जाई, आणि मॅडमना वाटे, पोरगं काय सुरेख म्हणतंय.

गुरुजींना हे सांगितलं तेव्हा त्यांना विशेष नवल वाटलं नाही. म्हणाले, मग आयांना बोलवा की, अर्धं त्यांना येतंय, अर्धं पोरांना येतंय, जोडलं की झालं. जानेवारीत स्नेहसंमेलन होतं आणि त्याला केंद्रप्रमुख साहेब यायचे होते. 'शंभर टक्के विद्यार्थ्यांचा सहभाग' अशी ओळ नमुन्यात आधीच छापून आलेली होती. ती खोडायची गुरुजींची इच्छा नव्हती.

आता हे गुरुजी बोलले ते टाळायला बोलले, पण मॅडमनी ते मनावर घेतलं. पुढच्या शनिवारी सगळ्या आया वर्गात आल्या. सतरंजी दोरीवर टाकून तिच्यामागं त्यांना बसवलं आणि पुढं पोरं उभी केली. कविता पहिल्यांदा सलग झाली. फक्त ती बायकांच्या आवाजात झाली, आणि पोरं अधूनमधून हुंकार भरल्यासारखी शेवटचे शब्द म्हणत राहिली. एकीनं दुसरीच्या पोराची ओळ सांगितली म्हणून सतरंजीमागं थोडी बोलाचालीही झाली.

मग मॅडमनी नियम केला. दर शनिवारी आयांनी दहा पावलं मागं सरायचं, आणि एक शब्द कमी सांगायचा. पहिल्या शनिवारी आया सतरंजीमागून दारात गेल्या, दुसऱ्या शनिवारी व्हरांड्यात. पावलं मोजायला चौथीची मुलं होती, आणि ती कुणाच्याही आईला अर्ध्या पावलाची सूट देत नव्हती. पोळ्यापर्यंत आया कडुलिंबाखाली पोचल्या. तिथं ऋतिकची आई अडली. तिचं म्हणणं, माझं लेकरू हितनं पुढं न्हाय ऐकायचं. तिला दोन शनिवार जास्त दिले. दिवाळीची सुट्टी संपली तेव्हा ऋतिक 'वांगं म्हणालं भेंडीला' हे आपलं आपण म्हणत होता आणि त्याची आई फाटकाजवळ रुसून उभी होती.

ही हकिकत केंद्रातल्या दुसऱ्या शाळांतही पोचली. एका गुरुजींनी मॅडमना फोन करून विचारलं, पावलं आईची मोजायची का पोराची. सोपान गुरुजींनी अहवालात 'नावीन्यपूर्ण उपक्रम' या रकान्यात लिहिलं, माता-प्रतिगमन पद्धती. हा शब्द कुठून आला ते त्यांचं त्यांना माहीत.

राहिली फक्त स्वराली. तिच्यामागं मागं सरणारं कुणी नव्हतंच.

स्वराली ही बिरदेवची मुलगी. घरची मेंढरं बिरदेवच्या लहानपणीच विकली गेली, आता अडीच एकर डाळिंब होतं. बिरदेव मोटरसायकलवर बारामती एमआयडीसीत कामाला जाई आणि त्याची बायको बागेत राबे. साथीच्या काळात घरात दिवसभर असायचा तो एक म्हातारा, बिरदेवचा बाप आबाजी, आणि बिरदेवचा जुना फोन. म्हणून स्वरालीचा अभ्यास आबाजीनं घेतला. आबाजीला अक्षरओळख नव्हती. त्यानं मॅडमची कविता दोनदा ऐकली आणि ती त्याला पाठ झाली, स्वरालीच्या वाट्याची तेवढीच नाही, सगळ्या वर्गाची.

फक्त एक अडचण होती. आयांना कुजबुजता येत होतं, आबाजीला येत नव्हतं. चाळीस वर्षं माळावर मेंढरं राखलेल्या माणसाचा आवाज या डोंगरावरून त्या डोंगरावर जायला बनलेला असतो, त्याला हळू करायचं बटण नसतं. पहिल्या व्हिडिओत स्वराली दिसत होती आणि आबाजी ऐकू येत होता. आधी घसा साफ करून दोनदा खोकायचा, मग म्हणायचा, हां, म्हन आता, आणि मग ओळ. मॅडमनी ग्रुपवर उत्तर टाकलं, 'व्हिडिओत फक्त विद्यार्थ्याचाच आवाज यावा. घरातील ज्येष्ठांनी मध्ये बोलू नये. पुन्हा पाठवा.' शब्द नियमाला धरून होते. असे सहा व्हिडिओ मॅडमनी परत पाठवायला लावले. सातव्यात म्हाताऱ्याचा आवाज आला नाही. त्याखाली मॅडमनी 'छान' लिहिलं.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आबाजीला धाप लागली म्हणून इंदापूरला नेलं, तिथून बारामतीला नेलं, आणि तो परत आला नाही. नातीला तर शेवटचं तोंडही दिसलं नाही. त्या उन्हाळ्यात तशीच रीत होती.

शाळा उघडली तशी स्वराली रोज येई. हजेरीला हात वर करी, गणितं बरोबर सोडवी, विचारलं तर हो-नाही मानेनं सांगी. कविता म्हणायला उभी केली की ती हवेत समोर बघत उभी राही आणि वाट बघे. तिच्याकडं बघणाऱ्यालाही वाटे, आता कुणीतरी काहीतरी म्हणणार आहे.

तिची आई एका शनिवारी मजुरी बुडवून आली. सतरंजीमागून तिनं ओळ सांगितली. स्वरालीनं ती आदबीनं ऐकून घेतली. मग मॅडमनी सांगून पाहिली, मग ठमाबाईंनी, कारण एव्हाना त्यांनाही सगळी कविता पाठ झाली होती. एकदा बिरदेव रात्रपाळी करून परस्पर आला, तांबारलेल्या डोळ्यांनी सतरंजीमागं बसला आणि म्हणाला, "कोकरू आलं धावत धावत, पुसं ज्याला..." स्वराली वळून त्याच्याकडं बघत राहिली. चुकीच्या घरात शिरलेल्या पाहुण्याकडं बघावं तसं.

जाताना बिरदेव फाटकाशी घोटाळला. म्हणाला, "मॅडम, आबाचा त्यो कवितेचा व्हिडिओ हाय का वो तुमच्याकडं? त्यो जुना फोन बदलून घेतला, त्यात गेलं सगळं. आबाचा आवाज तेवढाच हुता."

मॅडम म्हणाल्या, बघते. बघायला काही नव्हतं हे त्यांना तिथंच माहीत होतं. फोन भरला म्हणून त्यांनी सगळ्या वर्गाचे व्हिडिओ कधीच पुसून टाकले होते. आणि आवाज असलेले सहा तर नापास होऊन आधीच गेले होते. त्या दिवशी बारामतीला जाताना त्यांनी स्कूटी रस्त्याच्या कडेला लावली आणि बराच वेळ तिथंच बसून राहिल्या. त्यांना स्वतःची लाज वाटत होती. नियम बरोबर होता, हे स्वतःला सांगूनही ती कमी होईना.

डिसेंबरात गुरुजींनी विषय काढला. पोरीला झाड करा, म्हणाले. झाडाला बोलावं लागत नाही, सहभाग शंभर टक्के होतो, आणि हिरवी साडी ठमाबाईंकडं आहे. कोकराचं कडवं युवराज म्हणेल, त्याला काय, मिरचीनंतर कोकरू. बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. मॅडम म्हणाल्या, कडवं तिचंच राहील. ती नाही बोलली तर ठपका माझ्या नावावर लिहा, पण तिला झाड करणार नाही. एवढ्या वर्षांत मॅडम गुरुजींशी पहिल्यांदाच अशा बोलल्या होत्या. गुरुजींनी चष्मा पुसला आणि नमुन्यातला 'शेरा' हा रकाना तात्पुरता पेन्सिलीनं भरला.

त्याच दिवशी सुट्टीत मॅडमनी स्वरालीला जवळ बसवलं आणि सरळ विचारलं, की सगळे जण ओळ सांगतात, तरी तू पुढचं का म्हणत नाहीस. स्वरालीनं बराच विचार केला.

"तसं न्हाय म्हनत," ती म्हणाली. "आधी खोकावं लागतं."

शाळा उघडल्यापासून तिनं मॅडमशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मॅडम खोकल्या. बी.एड. झालेली बाई पोरीपुढं बसून जमेल तसं खोकत होती. स्वरालीनं नाही म्हणून मान हलवली आणि ती खिचडीच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

स्नेहसंमेलन झालं. व्हरांड्याचं स्टेज केलं होतं, सतरंजीचा पडदा होता. समोर अख्खी वस्ती आणि पहिल्या खुर्चीत केंद्रप्रमुख साहेब. आयांना नियमाप्रमाणे फाटकाजवळ उभं केलं होतं, आणि मॅडमनी सगळ्यांना बजावलं होतं की आज कुणीही, अगदी मॅडमनीसुद्धा, पडद्यामागून एक अक्षर सांगायचं नाही. वांगं झालं, मिरची झाली, टाळ्या झाल्या. ऋतिकनं इयत्ता तिसरी बरोबर सांगितली. त्याची आई फाटकाजवळ ओठ हलवत होती, पण आवाज काढत नव्हती.

मग स्वराली आली. अंगावर आबाजीच्या घोंगडीचा कापून शिवलेला तुकडा होता. ती मधोमध उभी राहिली आणि तिनं छातीच्या उंचीवर हवेत बघितलं.

काही झालं नाही. केंद्रप्रमुख साहेबांनी घड्याळ बघितलं. मागं कुणाचं तरी पोर रडलं, त्याला बाहेर नेलं. गुरुजींनी पुढचं गाणं लावायला स्पीकरवाल्याकडं हात वर केला. पडद्याआड मॅडम दोन्ही हातांनी दोरी धरून उभ्या होत्या. ओळ त्यांच्या ओठावर आली होती, ती त्यांनी गिळली.

तेवढ्यात कुणीतरी खोकलं.

घसा खरवडून, दोनदा, शेवटाला छातीत बारीक शिटी वाजवत. पहिल्या रांगेतल्या दोघातिघांनी मागं वळून बघितलं, कोण म्हातारं आलंय म्हणून. मागं कुणी म्हातारं नव्हतं. स्वरालीनं मान थोडी वाकवली होती आणि ती कुजबुजत होती. ते समोर कुणाला ऐकू गेलं नाही. तीन पावलांवर उभ्या असलेल्या मॅडमना तेवढं गेलं.

"हां, म्हन आता. पन हळू. माझा आवाज आला तर मॅडम परत करायला लावत्यात." मग तसंच दबलेलं, धाप लागल्यासारखं, "कोकरू आलं धावत धावत, पुसं ज्याला..."

आणि मान वर करून, स्वतःच्या स्वच्छ आवाजात, "त्याला."

पुन्हा मान खाली, पुन्हा कुजबुज. "रस्त्याला."

लोकांना 'त्याला' आणि 'रस्त्याला' एवढंच ऐकू आलं. मागून कुणीतरी हसलं. केंद्रप्रमुख साहेबांनी गुरुजींकडं बघितलं, गुरुजींनी पडद्याकडं बघितलं.

मॅडम दोरी सोडून पडद्याबाहेर आल्या. नियम त्यांचाच होता, आणि सगळ्या वस्तीसमोर तो त्यांनीच मोडला.

"आबाजी," त्या म्हणाल्या, "मोठ्यानं बोला. मी परत करायला लावणार नाही."

स्वरालीनं त्यांच्याकडं बघितलं. खरं बोलतात का ते पाहून घेतलं असावं. मग ती पुन्हा खोकली, आणि पहिल्यापासून सुरू केलं.

आठ वर्षांच्या पोरीच्या गळ्यातून तसला आवाज निघतो कसा, यावर वस्तीवर पुढं बरीच चर्चा झाली. माळावरचा आवाज होता तो, लांबवर फेकलेला, 'नाही'ला 'न्हाय' म्हणणारा. कोकरू आलं धावत धावत, पुसं ज्याला, असं आबाजी म्हणाला, आणि त्याला, असं स्वराली म्हणाली. कळप माजा म्होरं गेला कुठल्या, आबाजी म्हणाला. रस्त्याला, स्वराली म्हणाली. मधेच तो तिच्यावर खेकसला, आवाज काढ की गं, जेवली न्हाईस का. केंद्रप्रमुख साहेबांनी गुरुजींना हळूच विचारलं, एकाच मुलीला दोन भूमिका का दिल्या. गुरुजी म्हणाले, दुसरा कलाकार गैरहजर आहे साहेब. एवढं बोलून त्यांनी चष्मा काढला आणि तो बराच वेळ पुसत बसले.

"दमलं न्हाय, रडलं न्हाय, बसलं न्हाय..."

"खाली."

"लांबून त्याला वळखीची एक हाळी..."

"आली."

फाटकाजवळच्या आयांना सगळं ऐकू गेलं. त्यातली एकही हलली नाही.

सगळ्यात मागं, भिंतीला टेकून, कंपनीच्या निळ्या शर्टात बिरदेव उभा होता. पोरीचा कार्यक्रम म्हणून तो नव्या फोनवर सुरुवातीपासून व्हिडिओ काढत होता. एका हातानं त्यानं फोन सरळ धरला होता. दुसऱ्या हातानं त्यानं स्वतःचं तोंड घट्ट दाबून धरलं होतं, आपला आवाज मध्ये येऊ नये म्हणून.